माशांना देवी टोचल्या

९ ऑक्टो.
पहाटे तळ्यावर गेले तर पाण्यावर वाफ. थंडी आली. गेल्या साली अशाच दिवसांत पहिला चट्टा दिसला होता, रोहूच्या पोटाखाली, कुंकवाच्या टिकलीएवढा. त्याच्या आदल्या सालीही. आधी चट्टा, मग जखम, मग शेपूट झडलेली, मग पाट्या भरभरून खड्ड्यात. आज दोन्ही तळ्यांच्या काठाने फिरले, कूस बदलणारा एकेक मासा बघितला. काही नाही. 

जेवताना ह्यांनी परत तेच काढलं. नालासोपाऱ्याला दिरांच्या शेजारची खोली रिकामी होतेय. "या हिवाळ्यात मासे राहिले तर आपण राहू. नाही तर घराला कुलूप. तिसऱ्यांदा खड्डा खणायचा नाही मला." म्हटलं खड्डा मी खणते, तुम्ही सावलीत बसा. एरवी यावर भांडण झालं असतं. आज ते शांतपणे भाकरी मोडत राहिले, म्हणजे ठरवून बोलत होते.

मला जायचं नाही. कुडपणच्या वाटेवरची ही वाडी, निम्म्या घरांना कुलपं, त्यात आमचं लागलं तर कोणाला कळणारही नाही. पण गटाच्या बायकांनी गावकीकडून ही दोन तळी मागून घेतली तेव्हा सगळे हसले होते, आणि पोलादपूरच्या बाजारात लोक आता "सुलभाताईंचा मासा आला का" विचारतात. नालासोपाऱ्यात मला सुलभाताई कोण म्हणणार.

संध्याकाळी मत्स्य कॉलेजच्या गौरी मॅडमचा फोन. लस आलीय, टोचायची. वरच्या तळ्याला टोचू, खालचं तसंच ठेवू, म्हणजे फरक कळेल. दोन्हीला का नाही, असं मी विचारलं. म्हणाल्या, तुमच्याकडे पहिलं साल आहे, जेवढी मिळाली तेवढी. खाली महाडकडे ज्यांनी गेल्या वर्षी टोचली त्यांना म्हणे औषधाच्या पिशव्या फोडाव्याच लागल्या नाहीत. मी लगेच हो म्हटलं. गावकीला विचारायचं नंतर आठवलं.

१२ ऑक्टो.
देवळात गावकीची बैठक. माणसं थोडी, बाकीची मुंबईला गेलेल्यांच्या मंडळाची, फोनच्या स्पीकरवर. तो फोन देवापुढच्या पाटावर ठेवतात, त्यामुळे बोलणारा देवच आहे असं वाटतं. मंडळाचे सेक्रेटरी: "वहिनी, रिस्क कशाला घेताय? मासे मेले तर पब्लिक काय बोलेल?" म्हटलं दोन वर्षं मेलेच की, तेव्हा पब्लिक काय बोललं?

मॅडम छान समजावत होत्या, प्रतिकारशक्ती वगैरे. कोणाच्या डोळ्यांत काही हललं नाही. पार्वतीकाकू गटातल्या सगळ्यांत मोठ्या, त्यांनी नको म्हटलं की बायका नको म्हणतात. त्या म्हणाल्या, "पोरांना सुई टोचली का ताप येतो. माशाला ताप आला तर हात कुटं लावून बघाचा?" सगळे हसले, आणि बैठक हातची जायला लागली.

मग मला सुचलं. अंगणवाडीत डोसाच्या दिवशी आज्या नातवंडं लपवतात, तेव्हा मी जे करते तेच केलं. म्हटलं काकू, दंड दाखवा. लहानपणी देवी टोचल्या होत्या ना तुम्हाला? मग देवी आल्या का कधी? तसंच आहे हे. माशांना देवी टोचायच्या.

काकूंनी बाही वर केली. मग माझ्या सासूबाईंनी. मग ओळीने सगळ्या म्हाताऱ्यांनी, आणि एकमेकींचे वण बघत बसल्या. पाच मिनिटांत होकार. मॅडम वाटेत म्हणाल्या, ताई, तुम्ही आमच्या कॉलेजात शिकवायला या. मी फुगले. लिहून ठेवते, फुगले.

१६ ऑक्टो.
टोचून झालं. हात अजून लवंगेच्या वासाचे. लवंगेचं तेल पाण्यात, त्यात मासे सोडले की झोपतात. झोपला की पोटाशी बारीक सुई, मग ताज्या पाण्याच्या पिंपात. तिथे थोडा वेळ आडवा राहतो, कल्ले हलतात, आणि एकदम सळकन फिरतो. कॉलेजची पोरं टोचत होती, आम्ही बायका जाळं ओढायला आणि उचलायला. कोणीतरी पिंपाला हळदकुंकू लावलं. मॅडमनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. शहाणी बाई.

सासूबाई बांधावर बसून होत्या. मग उठून पिंपाशी आल्या आणि आडव्या माशाला म्हणायला लागल्या, "ऊठ गो बाय, ऊठ. झाला आता." उठला की पुढच्याला. दिवसभर. घरात माझ्याशी एवढं बोलत नाहीत.

जाताना मॅडमनी बजावलं: लस अंगात मुरायला पंधरा-वीस दिवस तरी लागतील. तोवर पाण्यात चुना नाही, औषध नाही, काही टाकायचं नाही. मी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

१९ ऑक्टो.
शब्दाला पाय फुटलेत. आज आमटीला फोडणी नाही. काल पण नव्हती, मला वाटलं सासूबाई विसरल्या. संगी शेजारची, माझ्याच गटातली, ती सांगत आली की तिच्या घरीही नाही. देवी टोचल्यात ना, मग तळ्यातल्या देवी उतरेपर्यंत वाडीत फोडणीचा चर्र आवाज करायचा नाही, मच्छी-मटण नाही, काही चिरायचं तर हलक्या हाताने. म्हाताऱ्यांनी आपसांत ठरवलं.

ह्यांनी ताट बाजूला सारलं. "तुझ्या माशांची पथ्यं मी पाळायची?" मी हसले तर जास्तच चिडले. पण हसू येतं. सगळी वाडी माझ्या वरच्या तळ्यासाठी अळणी जेवतेय. अंगणवाडीतल्या पोरांसाठी कोणी एवढं केलं नाही.

२३ ऑक्टो.
दोन्ही तळी ठीक. वरचे मासे खाण्यावर झडप घालतात. चट्टा नाही. रोज बघते, रोज आधी श्वास धरते.

सासूबाईंनी विचारलं, "कदी उतराची गो देवी?" मी अंगणवाडीचे अहवाल भरत होते. म्हटलं होईल दोन-चार दिवसांत, आणि मनात म्हटलं एकदाची फोडणी तरी सुरू होईल.

२७ ऑक्टो.
जमेल तसं लिहिते.

सकाळी वरच्या तळ्यावर सगळे मासे वर. तोंडं पाण्याबाहेर, आ करून. झऱ्याच्या तोंडाशी एकावर एक गर्दी. काठाला मेलेले, पोट वर. उचलून बघितले, चट्टा नाही, जखम नाही, शेपूट धड. मग का? खालच्या तळ्यात सगळं शांत, मासे मजेत.

मॅडमना फोन. म्हणाल्या झऱ्याचं पाणी होईल तेवढं आत वळवा, पंप लावून पाणी उडवत ठेवा, मेलेले बर्फात ठेवा, मी येते. संगी, मी, काकू, हे, सगळे लागलो. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. एकदाच बोलले: "टोचलेलेच मेले." काकूंनी ऐकलं. दुपारपर्यंत वाडीने ऐकलं, संध्याकाळपर्यंत मुंबईने. सेक्रेटरींचा फोन: "वहिनी, मी बोललो होतो ना." उचलून चूक केली.

अजून मरतायत. कमी, पण मरतायत.

२८ ऑक्टो.
मॅडम पोलादपूरहून पहिल्या गाडीने आल्या. कल्ले उघडून बघितले, पाणी बाटलीत घेतलं, हुंगलं. मग म्हणाल्या, तळाशी जाळं ओढू या. जाळ्यात पाला आला. काळा पडलेला, चिकट, ढीगभर. मी एक डहाळी चोळून नाकाशी धरली. कडुनिंब.

आमच्याकडे वर कडुनिंब नाही. खाली महाडकडे आहे. एवढा पाला आणायचा तर गोणी लागेल, आणि गोणी आणायची तर सासूबाईंच्या भाच्याचा टेम्पो लागेल. हे माझ्या डोक्यात जुळत होतं तोवर बांधावरून सासूबाईच म्हणाल्या, अगदी सहज, "देवी उतरल्यावर पाल्याचा पानी नको? तूच बोललीस उतरतील म्हनून. मीच सोडला. गुरुवारी अंगात ताप होता नायतर आदीच सोडला असता."

मॅडम हळू आवाजात सांगत होत्या. पाल्यातलं कडू माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही, वर तो कुजला आणि पाण्यातली हवा ओढून घेतली. लसीचा काही संबंध नाही. मला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं.

सासूबाईंना मी म्हटलं, काही टाकायचं नाही असं सांगितलं होतं ना. त्या म्हणाल्या, "काय टाकला मी? औषद नाय टाकला, चुना नाय टाकला. पाला सोडला."

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मेलेले मासे समोर पाटीत होते आणि त्यांना वाटत होतं पाला सोडला नसता तर याहून जास्त गेले असते. राग आला, खूप आला. आणि राग करायला समोर कोणी नव्हतं, कारण देवी हा शब्द माझाच.

पाल्याची गोष्ट माहीत असलेले आम्ही चौघंच. मी, हे, मॅडम, त्या.

२९ ऑक्टो.
वरचे निम्मे गेले. उरलेले झऱ्याशी, पण आता तोंडं पाण्यात आहेत.

उद्या गावकी. संगी आतली बातमी घेऊन आली: तळं उपसायचं आणि लस परत वाडीत आणायची नाही, असं ठरवूनच बसणार आहेत. खालच्या तळ्याचाही विचार आहे. म्हणजे सगळंच.

हे म्हणाले, "आईचं नाव घ्यायचं नाही." मग काय सांगू? "सांग मासे मेले, कारण माहीत नाही." म्हणजे सुईने मेले. "म्हणू देत. सुईला नाक नाही कापलं जायला. आईला आहे." त्यांचं चुकत नाही. सासूबाई या वाडीच्या सुईण होत्या. निम्मी वाडी त्यांच्या हातांत आली जगात. गोवर-कांजण्या झाल्या की आजही त्यांनाच बोलावतात, अंगावरून पाला फिरवायला.

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलले नाही तर तळं गेलं, तळं गेलं तर घर गेलं, आणि वर पुढच्या डोसाला पोरं लपवायला आज्यांना नवीन कारण. बोलले तर.

मॅडमनी सांगितलं, मी येऊन पाण्याचा रिपोर्ट वाचते. म्हटलं रिपोर्टला वाडी विचारणार, पाला कोणी टाकलान.

३० ऑक्टो.
बोलले.

पाटावर फोन, फोनमध्ये सेक्रेटरी, तळं उपसायचा ठराव अर्धा झाला होता. मी उभी राहिले. म्हटलं मासे सुईने नाही मेले, पाल्याने मेले. देवी शब्द मी आणला, चूक तिथून सुरू झाली, मला बोला. मला वाटलं एवढ्यावर भागेल.

पार्वतीकाकू: "पाला कुनी सोडला?"

काकू माझ्याकडे बघतायत, फोनमधून सेक्रेटरी "हॅलो, हॅलो, कोण? आवाज येत नाय." हे खांबाला टेकून, मान खाली. सासूबाई बायकांत, पुढच्या रांगेत, हात मांडीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या स्वतः बोलतील म्हणून मी थांबले. नाही बोलल्या. मी म्हटलं, सासूबाईंनी.

सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे वळून बघितलं. कोणी काही वाईट बोललं नाही. काकू तर म्हणाल्या, "तिनं चांगल्यासाटीच केलान." ते जास्त वाईट होतं. ठरलं की तळं होळीपर्यंत ठेवायचं, बघायचं. सासूबाई सगळ्यांच्या आधी उठून गेल्या.

जिंकले म्हणायचं का याला.

३१ ऑक्टो.
सासूबाई शिवथरला नणंदेकडे गेल्या. सकाळच्या एसटीने. पिशवी काल रात्रीच भरलेली होती. मी पाया पडायला वाकले, तर पदर सावरत पुढे गेल्या. हे महाडपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर सरळ तळ्यावर गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

आजपासून वाडीत फोडण्या. संध्याकाळभर घराघरातून वास.

१५ नोव्हें.
वरचे आता खातात. मॅडम म्हणतात, जे वाचले त्यांच्यात लस मुरलेली असणार. असणार. मला "आहे" हवंय.

संगीच्या पोरीला कांजण्या. संगी मला विचारते, "आजीला बोलवू का शिवथरातून? का नको?" मला विचारतेय. पूर्वी न विचारता गेली असती. मी म्हटलं, तुझी मर्जी. तिने नाही बोलावलं. पोलादपूरला डॉक्टरकडे नेलं. तेच बरोबर. मीच अंगणवाडीत सांगते ते. तरी दिवसभर काहीतरी खटकत राहिलं.

३ डिसें.
खालच्या तळ्यात चट्टा.

एकच. कटल्याच्या कल्ल्यामागे. हातात धरून ठेवला, सोडवेना. धावत वर गेले, जाळं टाकलं, एकेक उलटा करून बघितला. स्वच्छ. परत जाळं टाकलं. स्वच्छ. मग बांधावर बसून रडले, कशाबद्दल ते नीट सांगता येणार नाही.

१० डिसें.
खाली रोज पाट्या निघतायत. ह्यांनी खड्डा खणला. मी माती ओढली. वर एकही नाही. दोन तळ्यांमध्ये फक्त एक बांध, पक्षी इकडून तिकडे जातात, बायकांचे पाय इकडून तिकडे जातात, आणि वर काही नाही. मॅडम फोनवर हसत होत्या, मग खालचे किती गेले ते विचारून लिहून घेतलं.

पार्वतीकाकू खड्ड्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "यांना पन टोच गो आता." म्हटलं काकू, आता नाही चालत, आजारी पडायच्या आधी टोचायचं असतं. पुढच्या साली दोन्ही. काकूंनी मान डोलावली. मग त्यांनी शिवथरचं काय म्हणून विचारलं. मी पाटी उचलली.

१९ डिसें.
वरच्या तळ्यातला मासा पोलादपूरला नेला. लगेच उठला. सुलभाताईंचा मासा.

रात्री हे म्हणाले, "राहिले की मासे." निम्मे, मी म्हटलं. "राहिले ते राहिले." म्हणजे आम्ही राहायचं. मी थांबले, अजून काही बोलतील म्हणून. दिरांना खोली नको म्हणून कळवायचं होतं, ह्यांनी फोन हातात घेतला, बाजूला ठेवला. "आई येऊ दे. मग कळवू." त्या येणार आहेत का, हे दोघांनीही विचारलं नाही. आईशिवाय या घरात बसायचं तर नालासोपारा काय वाईट, असं ते म्हणाले नाहीत. पण मला तसंच ऐकू आलं.

२२ डिसें.
शिवथरला आले. इथूनच लिहितेय, नणंदेच्या माडीवरून.

वरच्या तळ्यातला रोहू डब्यात बर्फात घालून आणला होता. सासूबाई ओटीवर. मला बघून उठल्या नाहीत, पण आत पण गेल्या नाहीत. डबा पुढे ठेवला.

"कंच्या तळ्यातला?"

वरच्या.

मासा उचलला. पोटाखालून अंगठा फिरवला, कल्ल्यामागे, शेपटीपर्यंत. बाळ तपासतात तसा. "चट्टा नाय."

नाही. खाली सगळे गेले. वर एक नाही.

"मंग माजी देवी नीट उतरली म्हन."

मी हो म्हणणार होते. हो म्हटलं असतं तर कदाचित तिथेच पिशवी भरली असती त्यांनी. पण डोळ्यांसमोर पुढचा ऑक्टोबर आला, दोन्ही तळी, आणि महाडहून येणारी गोणी. म्हटलं, आई, देवी सुईने टिकली. पाल्याने निम्मे गेले. पुढच्या साली पाला नाही.

त्या मासा घेऊन नळाशी विळीवर बसल्या, खवले काढायला लागल्या. खवले काढता काढता, माझ्याकडे न बघता: "खोटा नाय बोललीस तू. पन मी समोर बसले होते गो. मला इचारायचं होतंस, आई, तुमी सांगता का मी सांगू. मी सांगितला असता."

सांगितलं असतं का? मी थांबले होते, त्या गप्प होत्या. पण विचारलं नव्हतं हेही खरं. माफी मागितली. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, नळ सुरू होता.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "दादा विचारतोय खोलीचं. आजच सांगायचंय, दुसरं गिऱ्हाईक आलंय. काय सांगू?" मी स्पीकर लावला आणि फोन सासूबाईंसमोर धरला. म्हटलं आई, नालासोपाऱ्याच्या खोलीचं काय सांगू, असं विचारतायत.

"हात भरलेत माजे," म्हणाल्या. आणि मासा चिरत राहिल्या. ह्यांनी तिकडून फोन ठेवला नाही. मीही त्यांच्या उत्तरासाठी धरून राहिले. नणंदेने आत कढई चढवली.